आरतीला आलेला उमेदवार आणि तुमचं पहिलं मत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मध्य न्यूजर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये बरीच वर्षं राहणाऱ्या, मूळ संगमनेरच्या एका ताईंनी यंदा अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली. नोव्हेंबरात त्या इथे पहिल्यांदा मत देणार आहेत, टाउनशिप काउन्सिलसाठी आणि स्कूल बोर्डासाठी. काउन्सिलचा एक उमेदवार भारतीय आहे. मंडळाच्या गणपतीत तो आरतीला आला, मोदक खाल्ला, क्रिकेटच्या मैदानाचं आश्वासन दिलं आणि हायवेलगत येऊ घातलेल्या अफोर्डेबल हाउसिंगमुळे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा घरांमुळे, ‘शाळांची वाट लागेल’ असंही सांगून गेला. दुसरी उमेदवार आत्ताचीच काउन्सिल सदस्य, गोरी बाई. तिच्या अंगणात वांशिक न्यायाची पाटी बारा महिने असते. तिसऱ्या बाई स्कूल बोर्डाला उभ्या आहेत. त्या निवृत्त शिक्षिका, कृष्णवर्णीय, आणि शेजारणींचं म्हणणं असं की ‘त्या फक्त त्यांच्याच मुलांचं बघतील’. यजमान म्हणतात, आपण इथे पाहुणे, त्यांच्या भांडणात कशाला पडा, आपला माणूस निवडून आला तर आपली कामं होतील. अकरावीतला मुलगा म्हणतो, त्याला मत दिलंस तर तू रेसिस्ट. ताई विचारतात: वंशाच्या प्रश्नावर कोण खरंच बरा आहे हे मी ओळखायचं कसं? आणि हे ठरवणारी मी कोण? मी तर कुणाचं कधी वाईट केलेलं नाही.

ताई,

नागरिकत्वाबद्दल अभिनंदन. आता लगेच एक तांत्रिक गोष्ट सांगते, तुमची निम्मी चिंता तिथेच मिटावी. तुमच्या पत्रात हे तिघे एकमेकांसमोर उभे आहेत. मतपत्रिकेवर ते तसे नसतील. काउन्सिलची यादी वेगळी, स्कूल बोर्डाची वेगळी. शिवाय न्यूजर्सीत दोन्हीकडे बहुधा एकदम दोन-तीन जागा भरायच्या असतात आणि तितक्या जणांना मत देता येतं. म्हणजे आरतीवाले आणि पाटीवाल्या बाई या दोघांनाही मत देता येईल, किंवा दोघांनाही नाकारता येईल. ‘याला की तिला’ म्हणून तुमच्या जेवणाच्या टेबलावर जो सामना रंगलाय, तो मतपत्रिकेवर कदाचित नसेलच. तुमच्या काउंटीकडून नमुना मतपत्रिका घरी येते. ती आली की आधी हे बघा.

यजमानांचं ‘पाहुणे’ मी हसण्यावारी नेत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला मान खाली घालून राहायची सवय लागते. पण या भांडणात पडायचं की नाही, हे ठरवायला आपल्याला कुणी विचारलेलं नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ धरता येत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यातल्या अनेकांचं काढून घेतलं. ते दार पुन्हा उघडायला १९४६ उजाडलं. आणि आपल्यासारखे लोक इथे मोठ्या संख्येने येऊ शकले ते १९६५च्या स्थलांतर कायद्यामुळे. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा त्याच वर्षीचा, जेमतेम दोन महिने आधीचा. रस्त्यावर मार खाऊन उभी राहिलेली ती चळवळ नसती, तर देशानुसार ठरवलेले जुने कोटे तेव्हा निघाले असते असं मला वाटत नाही.

जवळचं बोलायचं तर १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळी होती. हा ‘डॉट’ म्हणजे बायकांच्या कपाळावरचं कुंकू. त्याच सुमारास होबोकनमध्ये नवरोज मोदी नावाच्या तरुणाला जमावाने इतकं मारलं की तो चार दिवसांनी गेला. आणि २०१७च्या नोव्हेंबरात एडिसनमध्ये घरोघरी पत्रकं आली. स्कूल बोर्डाच्या दोन उमेदवारांचे फोटो, एक चिनी वंशाचा, एक भारतीय, आणि दोघांवर ‘डिपोर्ट’चा शिक्का. क्रिकेटची मैदानं पुरे झाली, असंही त्यात होतं. तुमच्या आरतीवाल्या उमेदवाराला हे पत्रक नक्की आठवत असेल. त्याच्याशी बोलताना सुरुवात तिथून केलीत तरी चालेल.

आता तुमचा खरा प्रश्न, कोण मनापासून बोलतंय हे कसं ओळखायचं. माझं मत असं की ते ओळखायच्या फंदात पडू नये. उमेदवाराचं मन दिसत नाही, आणि काउन्सिलच्या खुर्चीत त्या मनाला फारसं कामही नसतं. ती खुर्ची ठरवते कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल, पोलिसांना किती पैसे द्यायचे, कंत्राटं कुणाला, कुठल्या समितीवर कोण. गावपातळीवर वांशिक न्याय हा असल्या विषयांतच असतो, रात्री उशिरा, अजेंड्याच्या शेपटाला, सभागृहात चार माणसं उरलेली असताना. मी आमच्या गावच्या सभांना जाते. कंटाळवाण्या असतात, हे कबूल.

तेव्हा ज्या अफोर्डेबल हाउसिंगवरून तुमच्या घरात वाद चाललाय, तिथेच जरा थांबू. तो विषय न्यूजर्सीत नुसता बिल्डर आणि रहिवासी यांच्यातला नाही, त्याचा जन्मच वंशाच्या प्रश्नातून झाला आहे.

फिलाडेल्फियाच्या बाजूला, दक्षिण न्यूजर्सीत, माउंट लॉरेल नावाची टाउनशिप आहे. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, त्यांतली बरीच शेतमजूर. एथेल लॉरेन्स यांचं घराणं त्यांच्यातलंच. फिलाडेल्फियाचा पसारा वाढत गेला, शेतांच्या जागी नव्या वसाहती उठल्या, जमिनी महागल्या. जुन्या मोडकळीला आलेल्या घरांतल्या लोकांना जायला जागा उरेना. त्यांनी ३६ लहान अपार्टमेंट्स बांधायची परवानगी मागितली. गावाच्या झोनिंगमध्ये, म्हणजे कुठे काय बांधायचं याच्या नियमांत, अपार्टमेंट बसतच नव्हतं. १९७० साली मेयर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावं लागेल, अशा अर्थाचं बोलून गेले. कृष्णवर्णीयांना बंदी असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. एका मोठ्या प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर, एवढा नियम पुरेसा होता.

लॉरेन्स आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या साथीने खटला भरला. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाढत्या गावांनी आपल्या भागाच्या गरजेचा न्याय्य वाटा उचलला पाहिजे, कमी उत्पन्नाच्या लोकांना घर मिळण्याची खरीखुरी शक्यता झोनिंगमध्ये ठेवली पाहिजे. गावांनी वेळ काढला. १९८३ साली न्यायालयाने दुसऱ्यांदा, जास्त कडक शब्दांत तेच सांगितलं. मग १९८५च्या कायद्यात एक पळवाट निघाली. श्रीमंत गावाने आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरं पैसे देऊन एखाद्या गरीब शहराकडे सोपवायची. पैसे ट्रेंटनसारख्या शहराला, घरंही तिथेच, आणि गाव जसंच्या तसं. ही सोय २००८ साली बंद झाली. एथेल लॉरेन्स १९९४ साली गेल्या. त्यांच्या नावाच्या १४० घरांच्या वसाहतीतली पहिली घरं माउंट लॉरेलमध्ये उभी राहिली ती २००० साली.

गुन्हेगारी वाढेल, घरांच्या किमती पडतील, कर वाढतील, अशी भीती तेव्हाही होती. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या वसाहतीचा अभ्यास केला. आजूबाजूच्या तशाच गावांशी तुलना केल्यावर गुन्हे, किमती, कर, कशावरही त्या घरांचा परिणाम त्यांना दिसला नाही. शेजारच्या अनेकांना तर अशी वसाहत जवळ आहे हेच ठाऊक नव्हतं. तिथल्या मुलांना मात्र आधीपेक्षा चांगल्या शाळा मिळाल्या.

‘शाळांची वाट लागेल’ हे वाक्य या इतिहासाच्या पुढे ठेवून ऐका. अफोर्डेबल घरांना पात्र कोण, तर भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणारी कुटुंबं. तुमच्या मुलाच्या शाळेतली मदतनीस, डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची मुलगी, ओक ट्री रोडवरच्या भारतीय बाजारात किराणा दुकानातले काउंटरवाले काका. आपलीच माणसं यात कितीतरी. त्यांची मुलं वर्गात बसल्याने वाट कशी लागते, हे त्या गृहस्थांना विचारायला हवं होतं. आरतीत कोण विचारणार, तेही खरं.

मुंबईत ‘मासे-मटण खाता का’ विचारून मराठी माणसाला फ्लॅट नाकारला की आपण चवताळतो, आणि योग्यच आहे ते. तिथेही सोसायटीच्या कागदावर मराठी नको असं कुणी लिहीत नाही. मुसलमानांना आणि दलितांना तर तीच वागणूक त्याआधी कितीतरी वर्षं आपल्यातल्याच घरमालकांकडून मिळत आली आहे. भाषा तिकडे आहाराची, इकडे ट्रॅफिकची आणि शाळेच्या दर्जाची. हे एकदा लक्षात आलं की उमेदवाराचं बोलणं ऐकायला वेगळा कान तयार होतो.

पण थांबा. प्रकल्पाला विरोध केला म्हणजे माणूस वर्णद्वेषी, हे मुलाचं गणितही मला मान्य नाही. २०२१च्या सप्टेंबरात आयडा वादळात मध्य जर्सीतल्या किती वस्त्या पाण्याखाली गेल्या ते तुम्ही पाहिलं असेल. गरिबांची घरं नेमकी पूररेषेत किंवा हायवेच्या धुरात ढकलायची, हाही अन्यायच. बिल्डर दहातली दोन घरं अफोर्डेबल ठेवतो आणि उरलेली आठ बाजारभावाने विकतो, तेव्हा त्याच्या हेतूंवर शंका घ्यायलाही जागा आहे. म्हणून विरोध करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: इथे नको, तर कुठे? २०२४च्या कायद्याने पुढच्या दशकाचा वाटा गावागावाला ठरवून दिला आहे. बहुतेक गावांनी आपला आराखडा ३० जून २०२५ पर्यंत दाखल केला, काही गावं मात्र कायदाच नको म्हणून कोर्टात गेली. तुमच्या गावाचा आराखडा टाउनशिपच्या वेबसाइटवर असेल. उमेदवाराने तो वाचलाय का? ‘हायवेलगत नको, त्यापेक्षा स्टेशनजवळची बंद पडलेली ऑफिसची इमारत घ्या’, असं जो बोट ठेवून सांगतो, तो विरोध करूनही या प्रश्नात तुमच्या बाजूचा असू शकतो. ज्याच्याकडे ‘कुठे’चं उत्तर नाही, फक्त ‘नको’ आहे, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

हाच नियम पाटीवाल्या बाईंना लावा. त्यांच्या बाबतीत तुमचं काम उलट सोपं आहे, कारण त्या खुर्चीत बसलेल्या आहेत आणि बसलेल्या माणसाची नोंद असते. काउन्सिलच्या सभांचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, सार्वजनिक असतात, बऱ्याच गावांत व्हिडिओही. ‘ऑर्डिनन्स’, ‘झोनिंग’, ‘हाउसिंग एलिमेंट’ (घरांचा आराखडा) हे शब्द शोधा आणि बघा, हात कधी वर झाला, कधी ‘ॲबस्टेन’ झालं, कधी बाई नेमक्या गैरहजर होत्या. अंगणात सुंदर पाटी आणि मतदानात प्रत्येक अपार्टमेंटला विरोध, असे सदस्य इथल्या उपनगरांत भरपूर. उलटही दिसतं. पाटी नाही, भाषण येत नाही, पण दर वेळी मत ठामपणे दिलेलं. मला दुसरा जास्त आवडतो, पण तो प्रचारात दिसतच नाही, आणि म्हणून हरतो.

पैसे कुणी दिले तेही पाहण्यासारखं असतं. न्यूजर्सीत निवडणूक खर्चावर लक्ष ठेवणारा आयोग आहे, ‘एलेक’ म्हणतात त्याला. ठरावीक रकमेपुढे खर्च करणाऱ्या उमेदवारांना मतदानाच्या २९ आणि ११ दिवस आधी देणग्यांचा हिशेब द्यावा लागतो आणि तो ऑनलाइन वाचता येतो. प्रकल्पाला कडाडून विरोध करणाऱ्याच्या यादीत दुसऱ्याच बिल्डरचं नाव सापडलं, तर नवल वाटून घेऊ नका.

आता स्कूल बोर्ड. ‘त्या फक्त त्यांच्याच मुलांचं बघतील’, हे वाक्य तुमच्या शेजारणींनी आरतीवाल्या उमेदवाराबद्दल कधी उच्चारलंय का? तो तर उघडच सांगतो की तो आपलं बघेल, आणि ते ऐकून आपल्याला बरं वाटतं. एवढं मनात आणा, मग पुढे जाऊ. त्या बाई कृष्णवर्णीय आहेत म्हणून त्यांना मत द्या, असं मी म्हणत नाहीये. प्रश्न त्यांनाही तेच.

स्कूल बोर्ड बिनपगारी असतं, आणि रोजचा कारभार त्याच्या हातात नसतो. ‘त्या शिक्षकाला मी घालवेन’ म्हणणाऱ्या उमेदवाराला पदच कळलेलं नाही. बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे गावातल्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं, बजेट मंजूर करतं, धोरणं ठरवतं. वंशाचा प्रश्न त्यातल्या दोन ठिकाणी घट्ट बसलेला असतो. पहिलं ठिकाण शिक्षेचं. कुणाला घरी पाठवलं जातं, किती दिवस, कशासाठी. याचे शाळावार आकडे केंद्र सरकारच्या नागरी हक्क कार्यालयाच्या संकलनात असतात, आणि राज्याच्या शाळा-अहवालांतही तुमच्या शाळेबद्दल बरंच सापडेल. गावात कृष्णवर्णीय मुलं किती आणि सस्पेंड होणाऱ्यांत ती किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून उमेदवाराला दाखवा. आकडे पाहून तो काय म्हणतो ते ऐका. ‘मुलंच तशी’ म्हणतो, की ‘कुठल्या कारणासाठी, कुठल्या शाळेत’ असं विचारतो?

दुसरं ठिकाण आपल्या अगदी जिव्हाळ्याचं, हुशार मुलांसाठीचे वेगळे वर्ग: प्रगत गणित, ऑनर्स, गिफ्टेड. आपली माणसं बोर्डाच्या सभेला एरवी फिरकत नाहीत, या विषयाला मात्र रांग लावतात. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये सुपरिंटेंडंटनी परीक्षांचं ओझं कमी करायचं आणि चौथी-पाचवीचं प्रगत गणित बंद करायचं ठरवलं, तेव्हा गोरे पालक एकीकडे आणि आशियाई पालक दुसरीकडे अशी फूट पडली होती. त्या वादात मुलांचं नुकसान होईल ही आपल्या पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. फक्त त्या गर्दीत एक प्रश्न फार कमी विचारला जातो: आत जायचं दार कसं आहे? शिक्षकाची शिफारस आणि आईवडिलांचा पाठपुरावा असं असेल, तर ज्या घरात आई दोन पाळ्यांत काम करते तिथलं हुशार मूल बाहेरच राहतं. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटीने शिफारशीवर न थांबता सगळ्या मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गिफ्टेड कार्यक्रमात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या खूप वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी ते मोजलं आहे. कुणाचाही वर्ग बंद करावा लागला नाही. स्कूल बोर्डाच्या प्रत्येक उमेदवाराला, त्या निवृत्त शिक्षिकांनाही, विचारा: दार कसं ठेवाल? मला वाटतं या प्रश्नावर त्या बाकीच्यांपेक्षा तपशिलात बोलतील, वर्गात आयुष्य गेलंय त्यांचं. पण तो माझा अंदाज. तुम्ही ऐकून ठरवा.

अभ्यासक्रमावरून आरडाओरडा करणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नका. कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवण्याचा कायदा न्यूजर्सीत २००२ पासून आहे, आशियाई अमेरिकनांचा २०२२ पासून. ‘मी हे बंद करेन’ म्हणणाऱ्या बोर्ड उमेदवाराच्या हातात ते नाही. तो ते नीट राबवेल का, एवढंच पाहायचं.

पोलिसांबद्दल थोडक्यात. बळाचा वापर किती वेळा झाला याची माहिती राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर गावानुसार मिळते, आणि ज्या पोलिसांना मोठी शिक्षा झाली त्यांची नावं दरवर्षी प्रसिद्ध करावी लागतात. काउन्सिलच्या उमेदवाराने ती यादी पाहिली आहे का, एवढं विचारलंत तरी पुरे. ‘नाही’ हे उत्तर फार वेळा मिळेल. इतर राज्यांतल्या वाचकांसाठी: न्यूजर्सीत काउंटी प्रॉसिक्यूटर, म्हणजे काउंटीचा मुख्य सरकारी वकील, गव्हर्नर नेमतात. टेक्सस, व्हर्जिनिया, कॅलिफोर्नियात तो निवडून येतो. तिथे मतपत्रिकेवर आधी ते नाव शोधा, बाकी सगळं नंतर. कुणावर कुठला गुन्हा लावायचा, कुणाच्या जामिनाला विरोध करायचा, हे त्या एका माणसाच्या हातात असतं.

परत आरतीवाल्यांकडे येते, कारण तुमचं मन तिकडे ओढतंय हे पत्रात दिसतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्यासारखं नाव मतपत्रिकेवर पाहून ऊर भरून येतोच. पण त्याला दोन प्रश्न असे आहेत की जे गोऱ्या उमेदवाराला सहसा कुणी विचारणार नाही आणि म्हणून तुम्हीच विचारले पाहिजेत. एक जातीचा. सिएटलच्या काउन्सिलने २०२३च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतल्या शहरांत पहिल्यांदा. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा मंजूर केला, पण गव्हर्नर न्यूसम यांनी आहेत ते कायदे पुरेसे आहेत म्हणून तो अडवला. यावर भारतीयांत दोन्ही बाजूंनी कडाडून बोललं गेलं. तुमचा उमेदवार काय म्हणतो? ‘इथे जात नाहीच’ असं म्हणत असेल, तर आपल्या मंडळात आडनाव विचारून झाल्यावर लोक पुढचं वाक्य कसं बदलतात ते त्याने पाहिलेलं नाही, किंवा पाहायचं नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. मंडळाच्या भाषणांत हा दाखला टाळ्या घेतो. उमेदवाराच्या तोंडी तो आला तर टाळी वाजवायच्या आधी हा प्रश्न टाका.

दुसरा प्रश्न २०२२चा. त्या ऑगस्टमध्ये एडिसनच्या इंडिया डे परेडमध्ये बुलडोझर फिरवला गेला. भारतात मुसलमानांची घरं पाडण्याशी ज्याचं नातं जोडलं जातं, तोच. इथली मुस्लिम कुटुंबं दुखावली, आयोजकांनी पुढे माफी मागितली. परेडला जाणारे पुढारी त्या आठवड्यात काय बोलले? गप्प बसले असतील तर तेही कळू द्या. वंशाबद्दल गोऱ्यांकडून न्याय मागणारा माणूस आपल्यातल्या दुबळ्यांशी कसा वागतो, यापेक्षा चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाही.

‘रेसिस्ट’ शब्द तुम्हाला लागला हे समजतं. मुलाला वेगळं गाठून सांगा की शिवी ऐकून आई कुणाला मत द्यायचं ते ठरवणार नाही, आणि हेही सांगा की त्याचा मुद्दा तुम्ही ऐकलाय. ‘मी कुणाचं वाईट केलं नाही’ यावर मात्र माझं जरा वेगळं म्हणणं आहे. तुम्ही केलेलं नाही, मान्य. पण चांगल्या शाळांचं गाव म्हणून जे आपण घर घेताना शोधलं, ते गाव तसं कसं झालं, कुणाला बाहेर ठेवून झालं, याचा हिशेब आपण ब्रोकरला विचारलेला नाही. यात अपराधी वाटून घेण्यापेक्षा त्या मुलाला कामाला लावा. तो इंग्रजीत तुमच्याहून झपाट्याने वाचतो. मागच्या दोन वर्षांच्या मिनिट्समधून पाटीवाल्या बाईंची मतं शोधून आणायची जबाबदारी त्याची. यजमानांना देणग्यांची यादी द्या, त्यांना हिशेब आवडत असावेत असं पत्रावरून वाटलं. ‘आपली कामं होतील’ म्हणतात ती कामं नेमकी कुठली, हेही त्यांच्याकडून एकदा कागदावर उतरवून घ्या. क्रिकेटचं मैदान सोडून यादीत दुसरं काय येतं, मला उत्सुकता आहे.

प्रश्न विचारायची जागा म्हणून आरती सोयीची नव्हे. काउन्सिल आणि स्कूल बोर्ड, दोघांच्याही सभेत लोकांना बोलायची वेळ ठेवावी लागते, तसा राज्याचा कायदाच आहे. माइकसमोर जा, नाव आणि गाव सांगा, आणि कागदावरून वाचा. उच्चाराची लाज बाळगू नका, त्या खोलीत निम्म्या लोकांचा उच्चार बाहेरचा असतो. नाहीतर ईमेल करा. स्थानिक उमेदवाराला थोडी मतं इकडची तिकडे झाली तरी हरायची भीती असते, त्यामुळे बहुतेक जण उत्तर देतात. एकच मजकूर सगळ्यांना पाठवा. उत्तर कुणी दिलं, कुणी फक्त ‘वी व्हॅल्यू डायव्हर्सिटी’ एवढं लिहून मोकळं झालं, हे शेजारी ठेवून वाचा.

आणि हे सगळं करून तिघांतलं कुणीच पटलं नाही तर? यादीतली इतर नावं पाहा, ती तुमच्या पत्रात आलीच नाहीत. तीन मतं देता येतात म्हणून तीन द्यायलाच हवीत असंही नाही, एकच दिलंत तरी मतपत्रिका बाद होत नाही.

मतदार नोंदणी निवडणुकीच्या २१ दिवस आधी व्हावी लागते, शपथविधीनंतर आपोआप झाली असेल असं गृहीत धरू नका. काउंटीच्या कार्यालयात फोन करून नाव आहे ना ते आजच विचारा. मतदानाच्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी मिळते असं नाही, पण त्याआधी नऊ दिवस लवकर मतदानाची सोय असते, शनिवार-रविवार धरून. जाताना वाचायचा चष्मा न्या. उमेदवारांच्या यादीपलीकडे कधीकधी एखादा सार्वजनिक प्रश्नही छापलेला असतो, हो किंवा नाही असा, शाळेच्या बॉण्डचा किंवा मोकळ्या जागेच्या कराचा. बरेच जण तो रिकामा सोडून येतात.